नवे ब्रेक बसवूनही डिस्क पुन्हा असमान झिजते, तेव्हा काय तपासायचं

नवी डिस्क, नवे पॅड. पहिले दोन-तीन महिने गाडी अगदी शांत थांबते. मग एके दिवशी मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग किंचित थरथरतं. आधी वाटतं, रस्ताच खराब असेल. पुढच्या काही आठवड्यांत थरथर वाढत जाते आणि शेवटी कुणीतरी सांगतं, 'डिस्क वाकली, बदलून टाका.' बदलली की पुन्हा दोन-तीन महिने बरे जातात, आणि पुन्हा तेच.

माझ्या पहिल्या गाडीला मी पुढच्या डिस्कचे असे दोन जोड लावले. तिसरा आणण्याआधी डायल गेज (किंचितशी हालचालही काट्याने दाखवणारं मापक) उसना आणून मोजलं, तेव्हा कळलं की डिस्कमध्ये मुळात दोष नव्हताच. ती ज्या हबवर, म्हणजे चाक जोडायच्या फिरत्या बैठकीवर बसते, त्या हबवर गंजाचा पापुद्रा होता, आणि दोन्ही वेळा तो तसाच ठेवून मी वर नवी डिस्क चढवली होती. त्यानंतर घरातल्या आणि मित्रांच्या गाड्यांवर हाच बिघाड बऱ्याचदा दुरुस्त केला. दर वेळी कारण अशा ठिकाणी सापडलं जिथे ब्रेकच्या कामात कुणी हातच लावला नव्हता: हब, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) पिना, ब्रॅकेट, ब्रेक ऑइलची रबरी नळी म्हणजे होज, नाहीतर नट आवळण्याची पद्धत. डिस्कवर फक्त त्याचा परिणाम दिसतो.

लक्षणं

ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग थरथरत असेल, साधारण ताशी ८० ते ११० किलोमीटरच्या दरम्यान सगळ्यात जास्त, तर संशय पुढच्या डिस्कवर घ्या. स्टिअरिंग स्थिर आहे, पण सीट किंवा पायाखालची जमीन हादरते, तर मागच्या डिस्ककडे बघा. हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही, पण सुरुवात कुठून करायची ते ठरवायला पुरेसा आहे.

पेडल पायाला धडधड देतं, आणि गाडी सिग्नलला थांबता थांबता ती धडधड संथ होत जाते, म्हणजे डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. जाड भाग पॅडमधून गेला की पिस्टन मागे ढकलला जातो आणि तो धक्का ब्रेक ऑइलमधून थेट पेडलपर्यंत येतो. याची एबीएसच्या (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) धडधडीशी गल्लत करू नका. एबीएस जोरात ब्रेक मारल्यावर किंवा निसरड्यावर सुरू होतं आणि त्याचे ठोके बरेच वेगवान असतात.

गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. एका चाकाच्या रिमवर इतरांपेक्षा जास्त काळी भुकटी बसते, त्या चाकाजवळ जळका वास येतो. हळू चालवताना चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'सर्र' असा आवाज येतो. डिस्कवर निळसर किंवा काळपट डाग, किंवा पॅडच्या आकाराचा ठसा दिसतो. पॅड काढले तर आतला पातळ आणि बाहेरचा जवळजवळ नवा निघतो. यातलं एक लक्षण असो की चार, तपासणीचा क्रम तोच ठेवा.

आणि थरथर ब्रेक न दाबताही येत असेल, तर हा लेख तुमच्या गाडीसाठी नाही. आधी चाकांचं बॅलन्सिंग आणि टायर बघून घ्या.

थरथर कधी सुरू झाली ते आठवा

याला हत्यार लागत नाही, आणि अर्ध्या वेळा उत्तर इथेच मिळतं.

काम झाल्या दिवसापासूनच थरथर असेल तर काहीतरी वाकडं बसलं आहे: हबवर घाण, असमान आवळलेले नट, नव्या डिस्कच्या पाठीवर आलेला ओरखडा, चुकीच्या जागी बसलेला पॅड. पहिल्याच आठवड्यात, एखाद्या जोरदार ब्रेकनंतर सुरू झाली असेल तर पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटल्याची शक्यता मोठी. आणि काही हजार किलोमीटर सगळं नीट चालून मग हळूहळू वाढत गेली असेल, तर डिस्कची जाडी असमान झाली आहे. हा तिसरा प्रकार सगळ्यात जास्त भेटतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा समजला जातो, म्हणून तो जरा नीट समजून घेऊ.

डिस्क हबवर अगदी किंचित तिरकी बसली तर फिरताना तिची कड आतबाहेर डोलते. या डोलण्याला कारागीर रनआउट म्हणतात. कॅलिपर पिनांवर सरकतो, त्यामुळे सुरुवातीला तो हे डोलणं सांभाळून घेतो आणि पायाला काहीच जाणवत नाही. पण ब्रेक सोडल्यावर पॅड डिस्कपासून फार लांब जात नाहीत. डोलणाऱ्या डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला निसटता स्पर्श करत राहतो. दोन्ही बाजूंचे हे उंचवटे समोरासमोर येत नाहीत, म्हणून त्या दोन जागी डिस्क हळूहळू पातळ होते. कारचं चाक एका किलोमीटरमध्ये साधारण ५०० वेळा फिरतं. पाच हजार किलोमीटरमध्ये हा निसटता स्पर्श पंचवीस लाख वेळा झालेला असतो, आणि तोही ब्रेक न दाबता. म्हणूनच ब्रेक अगदी जपून वापरणाऱ्या माणसाच्या गाडीतही हा त्रास होतो.

'उष्णतेने डिस्क वाकली' हे निदान मी सहसा मान्य करत नाही. रोजच्या वापरात बिडाची डिस्क तापून वाकते आणि तशीच राहते, असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. ती एक तर वाकडी बसलेली असते, नाहीतर असमान झिजलेली असते.

चाकाचे नट

सगळ्यात स्वस्त तपासणी ही. बऱ्याच गाड्यांत डिस्क हबवर चाकाच्या नटांनीच दाबून धरलेली असते. तिला असलाच तर एखाद-दुसरा छोटा स्क्रू असतो, तोही फक्त बसवताना ती जागेवर राहावी म्हणून. इम्पॅक्ट गनने एका बाजूचे नट प्रचंड आवळले आणि दुसऱ्या बाजूचे कमी, तर डिस्कवरचा दाब असमान होतो आणि ती डोलायला लागते.

सगळे नट थोडे सैल करा, मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्ह्याने) समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत आवळा. बऱ्याच कारसाठी हा आकडा १०० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. शेवटचं आवळणं चाक जमिनीला टेकल्यावर करा. बोल्टच्या आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. त्याने तोच टॉर्क दाखवत असताना बोल्टवर प्रत्यक्ष ताण खूप जास्त येतो.

थरथर नुकतीच सुरू झाली असेल तर कधी कधी एवढ्यानेच जाते. पाच-सहा हजार किलोमीटर तसेच काढले असतील, तर डिस्क झिजून गेलेली असते आणि नट नीट करूनही फरक पडणार नाही. तरी हे आधी कराच, कारण पुढची प्रत्येक मोजणी नट सारखे आवळलेत हे गृहीत धरूनच होते.

कोणतं चाक तापतंय

दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा, आणि शेवटी गाडी आपोआप मंदावू देऊन थांबवा. आता इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर डाव्या आणि उजव्या डिस्कवर एकाच जागी धरून तापमान बघा. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर खरं तापमान दाखवत नाही, म्हणून आकड्यापेक्षा दोन बाजूंमधला फरक महत्त्वाचा. थर्मामीटर नसेल तर रिमजवळ तळहात न्या, हात लावू नका. डिस्कला बोट लागलं तर कातडी चिकटते.

दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतील तर ठीक. एक बाजू स्पष्टपणे जास्त तापली असेल तर तिथला पॅड ब्रेक सोडल्यावरही डिस्कला घासतो आहे. मग आपल्याला डोलणाऱ्या डिस्कपेक्षा अडकलेल्या कॅलिपरचा शोध घ्यायचा आहे. एवढी एक गोष्ट आधी कळली तर पुढचे दोन तास वाचतात.

चाक उचलून, हाताने फिरवून

इथून पुढे गाडी उचलायची आहे. सपाट, टणक जमीन, बाकीच्या चाकांना दोन्हीकडून अडण्या, आणि जॅकने उचलल्यावर चेसिसच्या ठरलेल्या जागी स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका. जॅक बसतो तेव्हा आधी सांगून बसत नाही.

गिअर न्यूट्रल करून चाक फिरवा. पॅडचा हलकासा, सलग घासण्याचा आवाज चालतो. फेऱ्याला एकदाच 'सर्र' होत असेल तर डिस्क डोलते आहे. मग कुणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि लगेच फिरवून बघा. चाक सुटायला वेळ लागला, किंवा सुटलंच नाही, तर पिस्टन, पिना आणि होज या तिघांपैकी एक अडकलं आहे.

उचललंच आहे तर चाक वर-खाली धरून हलवून पाहा. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा जोड सैल आहे, आणि तो दुरुस्त होईपर्यंत ब्रेकच्या मोजण्यांना अर्थ नाही.

पॅड काय सांगतात

चाक आणि कॅलिपर काढा. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. भुकटी हवेने उडवू नका आणि कोरड्या ब्रशने झटकू नका. जुन्या पॅडमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतं, आणि नव्या पॅडची भुकटीही फुप्फुसात जाण्यासारखी नाही. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

बहुतेक कारमध्ये तरंगता कॅलिपर असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने संपूर्ण कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. एवढं डोळ्यांसमोर ठेवलं की पॅड वाचता येतात.

आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप पातळ: पिस्टन मागे येत नाही, किंवा पिना जाम असल्यामुळे सगळं काम एकट्या आतल्या पॅडवर पडलं आहे. बाहेरचा जास्त झिजलेला: ब्रेक सोडल्यावर कॅलिपर मागे सरकत नाही, म्हणजे पिना, किंवा बाहेरच्या पॅडचे कान ब्रॅकेटमध्ये अडकलेत. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ: दोनपैकी एक पिन जाम आहे. मागच्या कॅलिपरमध्ये याचं आणखी एक कारण असतं. तिथला पिस्टन बऱ्याच गाड्यांत फिरवून आत घालावा लागतो, आणि पॅडच्या पाठीवर असलेली खुंटी पिस्टनच्या खाचेत नेमकी बसावी लागते. खाच चुकली की पॅड पहिल्या दिवसापासून तिरका दाबला जातो. नव्याने केलेल्या कामात ही चूक मला दोन वेगवेगळ्या गाड्यांत सापडली आहे.

एका चाकाचे दोन्ही पॅड संपलेले आणि दुसऱ्या चाकाचे जाड, असं दिसलं तर घाई करू नका. संपलेली बाजू घासत असेल, किंवा जाड पॅडची बाजू काम करणंच सोडून बसली असेल. कोणती बाजू तापते ते तुम्ही आधीच पाहिलं आहे. सगळे पॅड सारखे असूनही थरथर असेल, तर पिनांवर वेळ घालवू नका, थेट हबकडे जा. एक-दीड मिलिमीटरचा फरक मी फरक धरत नाही.

पिना आणि ब्रॅकेट

प्रत्येक पिन बोटांनी बाहेर यायला आणि आत जायला हवी. पान्हा लावून फिरवावी लागत असेल तर ती जाम आहे. काढा, जुनं ग्रीस पूर्ण पुसा, गंजाचे खड्डे दिसले तर पिन बदला. रबरी टोपण फाटलं असेल तर तेही बदला, कारण पाणी तिथूनच शिरतं. ग्रीस फक्त ब्रेकच्या पिनांसाठी असलेलं, सिलिकॉनचं किंवा त्यासाठीच बनवलेलं सिंथेटिक. बेअरिंगचं साधं ग्रीस पेट्रोलियमचं असतं. त्याने ब्रेकमधलं रबर फुगतं, आणि काही महिन्यांत पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. 'ग्रीस लावलं होतं, तरी जाम झाली' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. भोक ग्रीसने ठासून भरू नका, आत हवा कोंडून पिन बाहेर ढकलली जाते.

दोन्ही पिना सारख्या दिसल्या तरी सारख्या असतीलच असं नाही. काही कॅलिपरमध्ये एका पिनेला टोकाशी रबराची नळी असते आणि तिची जागा ठरलेली असते. काढताना फोटो काढून ठेवा.

आता पॅडचे कान बसतात त्या ब्रॅकेटच्या खाचा. इथे स्टीलची पातळ क्लिप असते आणि तिच्याखाली गंज धरतो. गंज फुगतो, क्लिप वर उचलतो, आणि पॅडची जागा अरुंद होते. नव्या पॅडला ठोकून बसवावं लागलं असेल तर त्या दिवशीच बिघाडाची सुरुवात झाली. क्लिप काढा, खाच तारेच्या ब्रशने आणि कानशीने धातू दिसेपर्यंत साफ करा, नवी क्लिप लावा. पॅड बोटांनी सरकला पाहिजे, पण खुळखुळता नये. कान घासून पॅड बारीक करू नका. अडचण पॅडमध्ये नसते.

हब: इथे वेळ द्या

माझ्या अनुभवात परत परत येणाऱ्या थरथरीचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे, आणि घाईत केलेल्या कामात नेमकं हेच सुटतं.

हिशेब करून बघा. चाकाच्या बोल्टपासून समोरच्या बोल्टपर्यंत साधारण १०० ते ११५ मिलिमीटर अंतर असतं, आणि हबची बसण्याची जागा त्याहून थोडी मोठी, १३० मिलिमीटर धरू. पॅड घासतात तो डिस्कचा घेर मात्र साधारण २५० मिलिमीटर व्यासाचा. हबच्या एका कडेला ०.०५ मिलिमीटरचा गंजाचा पापुद्रा राहिला, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, तर डिस्कच्या कडेला त्याचं डोलणं जवळजवळ दुप्पट, ०.१ मिलिमीटर होतं. बऱ्याच गाड्यांची सहनमर्यादा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या मध्ये असते. डोळ्याला न दिसणारा एक पापुद्रा सगळी मर्यादा खाऊन टाकतो.

डिस्क काढा. निघत नसेल तर तिच्यातल्या आट्यांच्या भोकांत बोल्ट पिळून सारखी ओढा. हातोडीने ठोकायची वेळ आली तर ती डिस्क पुन्हा वापरू नका, आणि जोराचे घाव बेअरिंगलाही लागतात हे लक्षात असू द्या. हबची पूर्ण सपाट जागा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत करा. सगळ्यात जास्त गंज बोल्टच्या बुडाशी असतो आणि तिथेच ब्रश पोहोचत नाही. बोल्टवर घालून फिरवायचं गोल ब्रशचं हत्यार मिळतं, ते लावा, नाहीतर पेपरची घडी करून हाताने घासा. मधली उभी कड, जिच्यावर डिस्कचं मधलं भोक बसतं, तीही साफ करा. ग्राइंडर वापरू नका. गंज काढायचा आहे, हबचा धातू नाही.

नंतर स्टीलची सरळ पट्टी हबवर आडवी-उभी ठेवून मागून टॉर्चचा उजेड टाका. उजेड एका जागी जास्त झिरपला तर अजून काहीतरी उंच आहे. डिस्कची पाठही तशीच साफ करा. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते दोन्ही घासणाऱ्या बाजूंवरून ब्रेक क्लीनरने पूर्ण काढलं नाही तर नवे पॅड पहिल्याच दिवशी तेल पितात.

मोजणी

डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, बहुतेक वेळा मधल्या भागावर किंवा कडेवर. जाडी मायक्रोमीटरने मोजा. व्हर्निअर चालत नाही, कारण झिजलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेला कंगोरा राहतो आणि व्हर्निअर त्यावरच टेकून जास्त आकडा दाखवतो. कडेपासून १० ते १५ मिलिमीटर आत, सारख्या अंतरावर आठ ठिकाणी मोजा आणि लिहून ठेवा. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यात ०.०२ मिलिमीटरच्या आसपास फरक गेला की बऱ्याच गाड्यांत तो पायाला कळतो. एकही आकडा किमान जाडीच्या खाली असेल तर विषय संपला, ती डिस्क गेली.

डोलणं मोजायला डिस्क हबवर चढवून चाकाचेच नट वॉशर घालून ठरलेल्या टॉर्कने आवळा. डायल गेजचा स्टँड स्टिअरिंग नकलला (हबच्या मागच्या न फिरणाऱ्या भागाला) घट्ट बसवा, टोक त्याच १०-१५ मिलिमीटर आतल्या जागी टेकवा आणि डिस्क हळू एक फेरा फिरवा. आकडा जास्त आला तर उंच भागाशी डिस्क आणि हबवर खडूने खूण करा, डिस्क काढून एक भोक पुढे फिरवून बसवा, पुन्हा मोजा. हबचा आणि डिस्कचा तिरकेपणा एकमेकांना छेद देतात अशी एखादी जागा बहुतेक वेळा सापडते. मी एकदा ०.०९ वरून ०.०३ वर आणलं ते फक्त दोन भोकं फिरवून. आणि उंच भाग हबसोबतच राहिला, म्हणजे डिस्क कुठेही फिरवली तरी तो हबच्या त्याच जागी आला, तर हबच वाकडा आहे. डिस्कसोबत फिरला तर डिस्क.

असमान झिजलेली डिस्क किमान जाडीच्या वर असेल तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे पातळ थर कापून सपाट करून घेता येते. गाडीवरच लावून चालणाऱ्या लेथवर केलेलं फेसिंग मला जास्त पटतं, कारण डिस्क ज्या हबवर फिरणार त्याच हबवर फिरताना कापली जाते. निळे डाग असतील तर फेसिंगचा मोह टाळा. अति तापलेल्या जागी बीड कडक झालेलं असतं, ते आतपर्यंत असतं, आणि आजूबाजूचा मऊ भाग झिजला की तेच उंचवटे परत येतात. बदलायची तर एकाच अॅक्सलच्या दोन्ही डिस्क आणि दोन्ही बाजूंचे पॅड बदला.

पिस्टन आणि होज

पिना मोकळ्या, ब्रॅकेट साफ, तरी चाक अडकतं, तर ही शेवटची पायरी. पिस्टन दाबण्याच्या हत्याराने सावकाश मागे ढकलून बघा. पुढच्या कॅलिपरमध्ये तो सारख्या जोराने मागे गेला पाहिजे. मागचा फिरवून घालायचा असेल तर त्यासाठीचं हत्यार लागतं, नुसता दाबला तर आतला स्क्रू मोडतो.

होजचं दुखणं फसवं असतं. बाहेरून रबर धडधाकट दिसतं, पण आतला थर सुटून झडपेसारखा वागतो. पेडलच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत यायला वाट मिळत नाही. चाक अडकलेलं असताना कॅलिपरवरचा ब्लीड निपल (ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल केला आणि चाक लगेच सुटलं, तर कोंडलेला दाब होता, म्हणजे दोष होजमध्ये किंवा त्याच्या मागे. निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं तर पिस्टन जाम आहे. ब्रेक आधी कधी ब्लीड केले नसतील तर ही चाचणी तुम्ही करू नका.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

कॅलिपर, होज किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ऑइल ओलं दिसलं. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातं किंवा स्पंजासारखं लागतं. ब्रेकचा किंवा एबीएसचा दिवा पेटलेला राहतो. डिस्कवर कडेपर्यंत गेलेली चीर दिसते. पॅड संपून धातूवर धातू घासला आहे. या पाचपैकी काहीही असेल तर गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या.

बेअरिंग सैल, हब वाकडा, पिस्टनचं रबर फाटलेलं, होज बदलायची गरज: ही कामं योग्य हत्यारं आणि अनुभव असलेल्याकडेच द्या. हँडब्रेक बटणाचा असेल तर मागच्या कॅलिपरला हात लावण्याआधी सर्व्हिस मोड लागतो. त्याशिवाय पिस्टन ढकलला तर मोटर तुटते. आणि वरचं सगळं नीट करूनही हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये थरथर परत आली, तर तिसऱ्यांदा डिस्क विकत घेऊ नका.

मेकॅनिककडे जाताना तुमच्या नोंदी घेऊन जा: थरथर कधी सुरू झाली, किती वेगात येते, कोणतं चाक तापतं, चारही पॅडची जाडी, डिस्कचे आठ आकडे, डोलण्याचा आकडा. 'डिस्क वाकली आहे' असं सांगू नका, मोजलेलं सांगा. आणि डिस्क बसवण्याआधी साफ केलेला हब तुम्हाला दाखवायला सांगा. चांगला कारागीर याचं वाईट वाटून घेत नाही.

पुन्हा जोडल्यावर

गाडी हलवण्याआधी पेडल काही वेळा दाबून कडक होऊ द्या. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिला दाब पोकळ जातो. टाकीतलं ऑइल बघा.

मग पॅड आणि डिस्क एकमेकांत मुरवा. पॅडसोबत सूचना आली असेल तर तीच पाळा. नसेल तर रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर ठेवून. नंतर काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून गार होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा थर त्या एका जागी छापला जातो. म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर सिग्नलला थांबल्यावर, उतार नसेल तर, पाय थोडा हलका करून गाडी वीतभर पुढे सरकू द्या.

शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. दीड-दोन हजार किलोमीटरनंतर चाक एकदा काढून जाडी त्याच आठ जागी मोजा आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहा. फरक ०.०१ मिलिमीटरच्या आत असेल तर डिस्क सरळ बसली आहे.